एक्झिक्युटिव्ह: रोल बसला, आता अक्षरांची रुंदी

आयबीएम एक्झिक्युटिव्ह या जुन्या इलेक्ट्रिक टाइपरायटरचा पॉवर रोल, म्हणजे मोटरवर फिरणारा रबरी रूळ, नवं रबर चढवून अखेर जागेवर बसला आणि कागदावर अक्षरं उमटायला लागली. म्हणून ही नोंद.

नव्याने इलेक्ट्रिक टाइपरायटरकडे वळलेल्यांसाठी आधी थोडं मागे जातो. या घराण्यातल्या यंत्रांत विजेचं काम एकच असतं: एक रोल सतत फिरता ठेवणं. बाकी सगळं लोखंड, स्प्रिंगा आणि घर्षण. कॅन्सस सिटीच्या जेम्स स्मॅदर्स यांची ही कल्पना १९२५ साली रेमिंग्टन इलेक्ट्रिकमध्ये आली, मग इलेक्ट्रोमॅटिकमध्ये. १९३३ मध्ये आयबीएमने इलेक्ट्रोमॅटिक विकत घेतली आणि पुढे कित्येक वर्षं तेच तत्त्व चालू ठेवलं. त्यामुळे असं यंत्र हाती आलं की ‘मोटर चालते का’ यापेक्षा ‘रबर कसं आहे’ हे आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे. मोटर दुरुस्त होते, दुसरी मिळते. रबर गेलेलं असेल तर चालू मोटरचाही काही उपयोग नाही.

माझ्या यंत्रातलं रबर दगडासारखं कडक झालं होतं. शिवाय दोन ठिकाणी खोल चरे. मोटर चालू असताना टाइपबार (अक्षराचा ठसा असलेला दांडा) अडकून राहिला की त्याच्या कॅमचे, म्हणजे रोलला भिडून त्याला उचलणाऱ्या फुगीर चकतीचे, दात एकाच जागी रबर कुरतडत बसतात, त्याच्या या खुणा. सॅंडपेपर मारून वरचा चकचकीत थर काढता येतो, बरेच जण तेवढ्यावर भागवतात. पण त्याने रोलचा व्यास कमी होतो आणि कॅमचं अंतर बिघडतं. मी जुनं रबर पूर्ण काढून नवं चढवून घेतलं आणि मूळ मापाला घासून घेतलं. मूळ व्यास मोजायची जागा म्हणजे रोलची दोन्ही टोकं. तिथे कॅम कधी पोहोचत नाहीत, त्यामुळे तिथलं रबर कडक झालं तरी झिजलेलं नसतं. मधलं माप घेतलंत तर झिजलेलाच रोल पुन्हा बनवून घ्याल.

रोल बसवल्यावर लगेच वीज लावायची नाही. पट्टा उतरवून रोल हाताने सावकाश फिरवा आणि एक कळ दाबा. कळेखालची खिट्टी सुटते, स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते, कॅमची दातेरी कड रबराला भिडते आणि रबर तिला आपल्यासोबत ओढून नेतं. कॅम फिरतो तसा त्याचा फुगीर भाग रोलवर चढतो, कॅम ज्यावर बसलाय ती अख्खी दांडी मागे रेटली जाते, तिला जोडलेली तार ताणली जाते आणि टाइपबार उठतो. फुगवटा ओलांडला की कॅम सुटून परत खिट्टीवर जाऊन बसतो. वेगात हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. हाताने फिरवताना मात्र कुठला कॅम उशिरा पकडतो, कुठला नीट परतत नाही, ते लख्ख कळतं. मी प्रत्येक कळ अशी तपासली आणि या कामाचा मला कधी कंटाळा येत नाही.

ठोक्याचा जोरही अक्षरागणिक वेगळा लावावा लागतो. पूर्णविरामाला कॅपिटल डब्ल्यूइतका जोर दिला तर कागदाला भोक पडतं. ते काम अजून अर्धवट आहे.

विजेबद्दल थोडं. हे यंत्र ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ नाही. इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर एक षष्ठांशाने हळू फिरते, आणि पूर्ण ११५ व्होल्ट दिले तर जास्त तापते. मी व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवून ९६ च्या आसपास ठेवलंय आणि मोटरची पुली सहास पाच या प्रमाणात मोठी करून घेतलीय, म्हणजे रोलला मूळ वेग मिळतो. मोठ्या पुलीने मोटरवर भार वाढतो, म्हणून सध्या यंत्र थोडा वेळच चालवतो आणि मोटरला हात लावून बघत राहतो. जुना कपॅसिटर आणि कापडी आवरणाची वायर न तपासता बदलली. त्यात जुनेपणाचा मोह नको.

आता खरी मजा. १९४४ साली बाजारात आलेल्या एक्झिक्युटिव्हचं वेगळेपण म्हणजे प्रत्येक अक्षराला त्याच्या रुंदीइतकीच जागा. बारकं आय दोन एककं घेतं, बारकं एम पाच. स्पेसबार दोन तुकड्यांत: एक दोन एककांचा, दुसरा तीनचा. बॅकस्पेस एकाच एककाने मागे जातो, त्यामुळे चूक खोडायची तर टायपिस्टला प्रत्येक अक्षराची रुंदी पाठ असावी लागे. छापील पुस्तकासारखं दिसणारं पत्र या यंत्रावर निघायचं, त्यामागे ही मेहनत होती. माझ्या मते आयबीएमच्या टाइपबारवाल्या यंत्रांत याच्याइतकं सुंदर दुसरं नाही.

माझ्या यंत्राचं एकक इंचाचा १/३२ भाग आहे, काहींत १/३६ किंवा १/४५ असतो. तपासणी सोपी: १६ आय सलग मारले की बरोबर एक इंच भरायला हवा, आणि ३२ एम मारले की पाच इंच. आय अचूक येतात. एमची ओळ मात्र आखूड पडते, कारण कॅरेज (कागद घेऊन सरकणारा भाग) मधूनच पाचाऐवजी चार एककं सरकतं. नवा रोल बसल्यापासून ठोका दमदार पडतोय, त्यामुळे कॅमवर संशय नाही. रुंदी ठरवणाऱ्या पट्ट्यांमध्ये जुनं ग्रीस घट्ट होऊन बसलंय, पाचाची पट्टी बहुधा त्यातच पूर्ण पल्ला घेत नाहीये. पुढचं काम तेच: मिनरल स्पिरिटने धुणं, कोरडं करणं, आणि तेलाचा अगदी पुसट हात. सेगमेंटच्या (टाइपबार ज्यात बसतात त्या अर्धगोल भागाच्या) खाचांना मात्र तेल अजिबात नाही, तिथे धूळ धरते.

कोणाकडे चालू एक्झिक्युटिव्ह असेल तर सलग ३२ एम मारून ओळीची लांबी आणि यंत्राचं एकक कळवा. कॅपिटल डब्ल्यूसुद्धा मारून बघा, तोही पाच एककांचाच असतो. तुमच्याकडे डब्ल्यू पूर्ण आणि एम आखूड येत असेल तर दोष पट्टीत नसून त्या एकाच कळेच्या जोडणीत असेल, आणि मग मला एवढं सगळं खोलावं लागणार नाही.