पोस्टातून पळणारे घोडे

लेक कॉलेजला गेली, तिचे ब्रेयर कंपनीचे खेळण्यातले घोडे मात्र इथेच, न्यू जर्सीत माझ्या कपाटावर. परवा एका गराज सेलमध्ये 'जस्ट अबाउट हॉर्सेस'चे ऐंशीच्या दशकातले अंक मिळाले. ब्रेयरचंच प्रकाशन, त्यामुळे आपल्याच घोड्यांचं कौतुक जरा जास्त, ते चालायचंच. 1984 मध्ये शिकागोची ही कंपनी न्यू जर्सीच्या रीव्ह्ज इंटरनॅशनलने घेतली, म्हणजे तशी आता आमच्या गावकीतलीच!

मला खरी गंमत वाटते ती त्या काळच्या फोटो-शोंची, म्हणजे खेळण्यातल्या घोड्यांच्या फोटोंच्या टपालाने चालणाऱ्या स्पर्धांची. इंटरनेट नव्हतं. हौशी मंडळी प्लास्टिकचा घोडा अंगणात उभा करायची, कॅमेरा पार जमिनीला टेकवायची. गवत आधी नीट कापायचं, नाहीतर पातं घोड्याच्या पोटाला लागतं आणि बिंग फुटतं. फोटोच्या मागे घोड्याचं नाव, जात, मालक लिहून पाकीट परीक्षकाकडे. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट, फोटो परत यायला. मग निकालाची वाट बघत बसायचं. काय चिकाटी!

लेक फोनवर म्हणाली, "आई, सगळं स्कॅन करून पाठव." पाठवीन गं, आधी माझं वाचून तर होऊ दे.