आमची चिन्नी, वय अंदाजे ११

शेल्टरमध्ये मांजर आणायला गेलेला माणूस सरळ पिल्लांकडंच जातो. मोठी मांजरं मागं फळीवर बसून बघत असतात, त्यांच्याकडं कुणी वळत पण नाही, आणि मला याचं खरंच फार वाईट वाटतं. पिल्लू मोठं होऊन कसं निघेल हे कुणीच सांगू शकत नाही, पण दहा-अकरा वर्षांच्या मांजराचा स्वभाव ठरलेला असतोय, तिथं रोज खायला घालणाऱ्यांना विचारलं की ते सगळं सांगतात, ही मांडीवर येते, ही नुसती शेजारी बसते, हिला कुत्रं अजिबात चालत नाही. आमच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पायात घुटमळणारं पिल्लू आम्हाला झेपलंच नसतं. म्हणून चिन्नी. जिच्याकडं ती वाढली त्या आजी वारल्या, मुलं सगळी बेंगळूर-पुण्याला, मग ती शेल्टरला आली. नाव जुनंच ठेवलंय.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो, गल्लीत सकाळपासनं पॉवरलूमचा खडखडाट. आम्हाला त्याची सवय, पण ती आल्या आल्या कपाटाखाली जी गेली ती बाहेरच येईना. मग आवाज कमी येणारी मागची खोली तिलाच देऊन टाकली, पाणी, वाळूचा ट्रे, एक जुनी वाकळ, आणि शेल्टरमधला तिचाच टॉवेल मागून आणला होता तो, ओळखीचा वास असला की त्यांना धीर येतो. ओढून बाहेर काढायचं नाही, एवढं पाळा. फक्त खाते की नाही यावर बारीक लक्ष पाहिजे, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेतू शकतं, जाड मांजराला तर जास्तच. चिन्नी रात्री सगळे झोपल्यावर खायची, सकाळी वाटी रिकामी दिसली की आईचा जीव भांड्यात पडायचा.

म्हातारं मांजर आणलं की आधी रक्त-लघवी तपासून घ्या, किडनी, साखर, थायरॉईड तिन्ही. किडनीचं साधारण दोन-तृतीयांश काम जाईपर्यंत मांजर बाहेरनं ठणठणीत दिसतंय, मग पाणी जास्त प्यायला लागतं, ट्रे जास्त ओला व्हायला लागतो, वजन उतरतं. हिची किडनी थोडी कमी चालतेय असं आलं. वेळेत कळलं म्हणून खाणं बदलता आलं, डॉक्टरांनी सांगितलेलं ओलं खाणं आणि घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या.

आणि दूध-भात. आपल्याकडं मांजर म्हटलं की दूध-भातच, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि टॉरीन नावाचं जे पोषक द्रव्य त्यांना लागतंच ते मांस-मच्छीतनंच मिळतंय, कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. आम्ही डॉक्टरांना विचारून अधनंमधनं बांगड्याचा तुकडा देतो, बिनमिठाचा उकडून, काटे काढून. कांदा-लसूण लागलेलं काही नाही, त्यानं त्यांचं रक्त बिघडतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, कारवार-गोव्याकडनं माल कमी येतो, तेव्हा उकडलेली कोंबडी. माणसाची पॅरासिटामॉल मात्र चुकून पण देऊ नका, एक गोळी जीव घेऊ शकते.

आपल्याकडचा पावसाळा म्हणजे दिवसचे दिवस ऊन नाही, घरात सगळं दमट. मांजर दुखतंय म्हणून ओरडत नाही, नुसतं उड्या मारायचं बंद करतं. चिन्नी कॉटपाशी यायची, वर बघायची आणि परत जायची, तेव्हा आईनंच ओळखलं, सांधे दुखताहेत. आता कॉटला लागून दोन पाट एकावर एक ठेवलेत, त्यावरनं ती आरामात चढते आणि आईच्या पायाशी झोपते.

आता राहिलेत दात. मागची एक दाढ खराब झालीय, भूल देऊन काढावी लागणार, त्याआधी किडनीसाठी परत रक्त तपासायचंय. बेळगावात कुणी एवढ्या वयाच्या मांजराचे दात काढून घेतले असतील तर भुलीनंतर घरी काय काळजी घेतली ते नक्की सांगा, आईला फार काळजी लागलीय.