पितृपंधरवड्यातला धबधबा

जुलै उजाडला की आमच्या घरच्या ग्रुपवर धबधबे कोसळायला लागतात. पुण्याचे भाचे देवकुंडाचे व्हिडिओ टाकतात, साताऱ्याची नणंद ठोसेघरचे फोटो, आणि लगेच खाली आमच्या जाऊबाईंचा प्रश्न: "आपण कधी?" मी काही बोलत नाही. आमचा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे. मार्चपासून मान वर करायला सवड नसते, आणि शाळा सुरू झाल्यावरही "चौथीच्या पँटी कमी आल्या" असले फोन ऑगस्टपर्यंत येत राहतात.

पण समजा सवड असती, तरी मी जुलैत गेले नसते. सोलापूरकरांनी पुण्याचं वेळापत्रक घेऊन धबधबे बघायला निघावं, हे मला पटतच नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; आपल्याकडे साडेपाचशे-सहाशे, तोही मनात आलं तर. जून-जुलैत ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला सुसाट वारा आणि भुरभुर येते. आपला खरा पाऊस सप्टेंबरातला, उत्तरा-हस्ताचा. दुपारपर्यंत ऊन भाजून काढतं आणि चारच्या सुमाराला आभाळ काळं होऊन धो-धो कोसळतं. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याची मालदांडी ज्वारी याच पावसाच्या ओलीवर उभी राहते. आपल्या भागातले ओढेनालेही तेव्हाच भरून वाहतात. जुलैत धाराशिवजवळच्या येडशीला जाऊन "धबधबा कुठाय?" विचारणारे लोक मी पाहिलेत. तो असतो, फक्त पाणी नसतं.

म्हणून यंदा मी आधीच सांगून टाकलंय: गणपती गेले की आणि घट बसायच्या आत, म्हणजे पितृपंधरवड्यात. अधिक महिन्याचं वर्ष असलं तर तो थोडा पुढे सरकतो, एरवी सप्टेंबरातच येतो. नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्याला लागायचं नाव काढू नका. कोजागिरीला तर सोलापुरातून लाखो माणसं पायी निघतात आणि रस्त्यावरची वाहतूकच वळवतात. श्रावणी सोमवारी येडशीच्या रामलिंगच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते. मधले हे पंधरा दिवस मात्र कुणालाच नको असतात. दुकानं रिकामी, रस्ते मोकळे, आमच्या कारखान्यातही काम ढिलं.

सासूबाईंनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, "पितरांच्या दिवसांत सहल गं?"

"आई, नवीन साडी घेऊ नये, गाडी घेऊ नये, हे ऐकलंय. डोंगरात जाऊ नये असं कुणी सांगितलंय?"

त्यावर त्या गप्प बसल्या नसत्या, पण रामलिंगची कथाच माझ्या मदतीला आली. सीतेला नेणाऱ्या रावणाला जटायूनं अडवलं आणि तो घायाळ होऊन इथंच पडला, असं तिकडची माणसं सांगतात. त्याला पाणी पाजायला रामानं बाण मारून झरा काढला म्हणे. देवळाजवळ जटायूची समाधीही दाखवतात. ज्याचं अंत्यकर्म रामानं बापासारखं केलं, त्याच्या जागी पितृपंधरवड्यात जायचं नाही तर कधी जायचं? आता सासूबाई स्वतःच यायचं म्हणतायत. पायऱ्यांचं काय करायचं, ते तिथं गेल्यावर बघू.

जागा ठरवताना वाद झालाच. ठोसेघर म्हणजे जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर किलोमीटर. एका दिवसात गाडीची सीटच बघायची. देवकुंडाचं तर बोलायलाच नको, पावसाळ्यात तिथं बंदीही येते. आमच्या काज-बटणवाल्या अक्कांना कपिलधार हवं होतं. मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा, दोन्ही एकदम होतं हे खरं. पण ते पार बीडजवळ, इथून दीडशेच्या पुढे. कटिंग मास्तर म्हणाले, "वहिनी, नळदुर्गच करा की. पन्नास किलोमीटरच्या आत, जेवायला घरी." नळदुर्ग मला आवडतं. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बसवणं आणि वरून नर-मादी असे दोन धबधबे पाडणं, इब्राहिम आदिलशहाच्या काळातल्या त्या कारागिरांचं डोकं मानलं पाहिजे. पण तो माणसानं केलेला धबधबा. वरचं बोरी धरण भरलं तर चालू, नाही तर बंद. आणि तिथं चढ-उतार, झाडी, ओढ्यातून चालणं यातलं काही नाही. मला चालायचं होतं. वर्षभर मशिनीवर बसून सगळ्यांच्याच पाठी धरल्यात.

म्हणून येडशीचं रामलिंग. तुळजापूर नाक्यावरून निघायचं, तुळजापूरचा घाट चढला की आपण बालाघाटावर. मग धाराशिव आणि पुढे वीसेक किलोमीटरवर येडशी. सगळं मिळून नव्वदच्या आसपास, रस्ता चौपदरी. एसटीनं जायचं असेल तर संभाजीनगरकडे जाणारी गाडी धाराशिव-येडशीवरूनच जाते. सोलापूर-लातूर बसमध्ये मात्र बसू नका, ती औशाकडून जाते. आम्ही सतरा सीटर सांगितलीय, पण ती येडशीतच सोडायची आणि पुढे देवळापर्यंत पायी जायचं, असा माझा आग्रह आहे. जाऊबाईंना तो मान्य नाही. गाडी थेट पायऱ्यांपर्यंत जात असताना चालायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आणि सासूबाईंनी गाडीतून पुढे जावं.

या चालण्यासाठीच तर मी येडशी निवडलं. हे सगळं अभयारण्यात येतं, 1997 साली जाहीर झालेल्या. सह्याद्रीसारखं दाट रान इथं नाही. पानगळीचं रान आहे: साग, पळस, सीताफळीची झुडपं. उन्हाळ्यात नुसत्या काटक्या दिसतात, आणि सप्टेंबरात तेच रान ओळखू येत नाही. माझे सासरे बार्शीचे. त्यांच्या लहानपणी या भागातून बार्शी लाईट रेल्वे धावायची, अडीच फुटी रुळांची. काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू केली आणि पुढं ती येडशीवरून लातूरपर्यंत नेली. 2008 पर्यंत कुर्डुवाडी-लातूर लाइन ब्रॉडगेज झाली. सासऱ्यांचा अजून राग आहे. नव्या गाडीतून दरी धड दिसत नाही, म्हणतात.

देऊळ दरीत आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पाणी असेल तेव्हा खाली उतरतानाच आवाज यायला लागतो. कातळावर शेवाळ असतं, म्हणून मी सगळ्यांना बजावलंय: साडी नको, पंजाबी ड्रेस घाला, आणि पायात घट्ट बसणारं काही तरी, ती फटक-फटक स्लीपर नको. कारखान्यातली तरुण पोरं पाण्याखाली उभी राहणार हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी नियम एकच: पाणी गढूळ झालं किंवा काटक्या-पाला वाहून यायला लागला की त्याच क्षणी बाहेर. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस कोसळलेला असू शकतो, आणि दरीत पाणी चढायला वेळ लागत नाही. या दिवसांतला पाऊस विजा घेऊन येतो, म्हणून दुपारी दोननंतर खाली कुणीही थांबायचं नाही. सकाळी सहाला निघायचं ते यासाठीच.

जेवण घरूनच. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, धपाटे, दही. कडक भाकरी अशा दिवसासाठीच केलेली: सांडत नाही, विटत नाही. पण पिशवी हातात धरून चालायचं नाही. तिथली माकडं प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज आपल्याआधी ओळखतात, आणि "शूक-शूक" म्हणणाऱ्याला तर अजिबात भीत नाहीत. सगळं स्टीलच्या डब्यात, डबे पाठीवरच्या बॅगेत, आणि जेवायला वर गाडीपाशी. त्यांना हातानं खाऊ घालायचं नाही. पुण्य मिळवायचं असेल तर देवळात दक्षिणा टाका.

वार बुधवार. मंगळवारी आणि शुक्रवारी तुळजापूरला देवीची गर्दी, रविवारी अख्खा जिल्हा रामलिंगला. कारखाना बुधवारी बंद ठेवून रविवारी भरून काढायचा, असं ठरलंय. आदल्या दोन-तीन दिवसांत तिकडे पाऊस झाला की नाही, हे बार्शीच्या चुलतसासऱ्यांना फोन करून विचारणार. मोबाइलवरच्या अंदाजापेक्षा मला त्यांच्या विहिरीची बातमी जास्त खात्रीची वाटते. कोरडं निघालं तर आठवडा पुढे, आणि अगदीच बदाबदा पडत असेल तर मास्तरांचं नळदुर्ग.

परत येताना त्याच रस्त्यानं यायचं नाही, बार्शीवरून यायचं. तिथल्या भगवंताच्या देवळात दर्शन होईल, सासऱ्यांचंही समाधान होईल. बार्शीहून वैरागमार्गे सोलापूर सत्तरेक किलोमीटर. मात्र तो रस्ता अंधारात नको. या दिवसांत सोयाबीन निघायला लागतं आणि मागे दिवा नसलेले भरलेले ट्रॅक्टर अचानक समोर येतात. त्यामुळे बार्शीतून चारला गाडी हलणार, जाऊबाईंचे फोटो काढून झाले असोत की नसोत.