बाथरूमचा रंग: टाइलच्या वरचे ३ फूट

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बाथरूमच्या टाइल्स दरवाज्याच्या उंचीला, म्हणजे ७ फुटांवर थांबतात. वर उरतो छतापर्यंतचा ३ फुटांचा पट्टा आणि छत. जागा एवढीशी, म्हणून हॉलचा उरलेला रंग तिथे मारून टाकायचा सल्ला मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. वाफ, साबणाचे शिंतोडे, बोअरचं जड पाणी आणि अपुरा उजेड या सगळ्यांशी घरात दुसऱ्या कुठल्याच भिंतीची गाठ पडत नाही.

आमचं बाथरूम ५ बाय ७ फुटांचं, टाइल्स आयव्हरी, व्हेंटिलेटर उत्तरेला. त्या व्हेंटिलेटरसमोर शेजारच्या घराची गुलाबी भिंत आहे, आणि दुपारी तिच्यावर ऊन पडलं की आत येणारा उजेडच गुलाबी होऊन येतो. लेआऊटमधल्या दाटीच्या घरांत हे सर्रास होतं. म्हणून शेड कार्ड उघडण्याआधी मी बाथरूममध्ये आधीपासून असलेले रंग पाहिले: टाइल, बल्ब आणि बाहेरून येणारा उजेड.

टाइलचा खरा रंग ओळखायला कोरा पांढरा कागद तिच्याशेजारी धरायचा. एरवी पांढरी वाटणारी आयव्हरी टाइल लगेच पिवळसर दिसते. राखाडी टाइल कधी निळसर निघते, कधी हिरवट. पांढरा रंग कधीच चुकत नाही, ही समजूत इथे फसते. आयव्हरी टाइलच्या वर शुभ्र पांढरा पट्टा आला की टाइल जुनाट, न धुतल्यासारखी दिसते. टाइल ज्या बाजूला झुकते त्याच बाजूचा, पण तिच्याहून थोडा फिका रंग घेतला तर दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. आम्ही वाळूकडे झुकणारा फिका ऑफ-व्हाइट घेतला आणि छतालाही तोच. पट्ट्याला एक आणि छताला दुसरा रंग दिला तर ३ फुटांची भिंत मधेच कापल्यासारखी दिसते.

बल्ब आधी ठरवावा, रंग नंतर. केल्विन हा बल्बच्या उजेडाची छटा सांगणारा आकडा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत तोच वाळूचा रंग थंड, राखाडी दिसतो आणि ३००० केल्विनच्या पिवळ्या उजेडात लोण्यासारखा. आम्ही दोन्हींच्या मधला, ४००० केल्विनचा घेतला. आरशासमोर दाढी करताना चेहरा ठीक दिसतो, टाइलही पिवळी पडत नाही. पट्ट्याला गडद हिरवा किंवा निळा रंग असेल तर त्याची झाक चेहऱ्यावर येते, हेही लक्षात असू द्या.

शेड कार्डावरची टिकली बघून निर्णय घेऊ नये. लहान खोलीत समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे तोच रंग कार्डापेक्षा बराच दाट वाटतो. मी नेहमी आवडलेल्या रंगाहून एक पायरी फिका घ्यायला सांगते. नमुन्याचा छोटा डबा आणून दीड फुटाच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारावेत, पूर्ण वाळू द्यावेत (इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग, ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं) आणि पुठ्ठा टाइलच्या वरच्या कडेला टेकवून सकाळी, भर दुपारी आणि रात्री फक्त बल्बच्या उजेडात बघावा. भिंतीवरच नमुना मारला तर जुना रंग त्याच्याभोवती राहतो आणि नजर फसते.

गडद रंगाचा मोह होत असेल तर एवढं जाणून घ्या. दुकानातल्या टिंटिंग मशीनवर गडद शेड वेगळ्या बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव्य मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, बनते. त्या बेसमध्ये झाकण्याचं काम करणारं टायटॅनियम डायऑक्साइड कमी आणि रंगद्रव्य जास्त असतं. त्यामुळे दोन हातांत भिंत झाकली जात नाही, तिसरा लागतो. शिवाय बोअरच्या पाण्याचे शिंतोडे वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके गडद रंगावर लांबून दिसतात.

रंगाचा प्रकार शेडइतकाच महत्त्वाचा. डिस्टेंपर वाफेत भुगा होऊन हाताला येतं. ऑइल पेंट पाणी अडवतो, पण मागच्या भिंतीत ओल असेल तर फुगून पोपडे सुटतात, आणि कमी उजेडाच्या खोलीत पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो. पीओपी तर बाथरूममध्ये नकोच, ते ओल शोषून मऊ पडतं. बुरशीरोधक, धुता येणारं इमल्शन घ्यावं, तेही हलक्या चमकेचं. पूर्ण मॅट डाग धरतं. फार चकचकीत घेतलं तर व्हेंटिलेटरच्या तिरप्या उजेडात पुट्टीच्या पत्र्याची प्रत्येक लाट उठून दिसते.

कुठलाही रंग ओलीवर टिकत नाही. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवायचा. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. तेव्हा आधी वरच्या मजल्याची किंवा टाकीची गळती बघा. बुरशीचे काळे ठिपके नुसते खरवडून जात नाहीत. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी असं लावून १५ मिनिटं ठेवायचं, धुवायचं, वाळवायचं. मात्र टाइल किंवा संडास धुण्याचं ॲसिड त्याच वेळी अजिबात वापरू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

नागपुरात मुहूर्ताचाही विचार करावा लागतो. दिवाळीआधी सगळेच रंगकाम काढतात, पण तेव्हा भिंतींनी नुकताच चार महिन्यांचा पाऊस प्यालेला असतो. मेमध्ये भिंत इतकी तापते की पुट्टीतलं पाणी ती आधीच ओढून घेते आणि पुट्टी भुसभुशीत राहते. त्या दिवसांत काम करायचंच असेल तर पुट्टीआधी भिंतीवर पाणी मारून ती ओलसर करून घ्यावी. अटॅच बाथरूम असेल तर कुलरची ओली हवा तिथे साचते, तीही धरा. आमची पसंती फेब्रुवारीला.

मापं साधी. परिमिती २४ फूट गुणिले ३ म्हणजे ७२, अधिक छत ३५, वजा व्हेंटिलेटर, म्हणजे साधारण १०५ चौरस फूट. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी १० किलो, वॉटर प्रायमर १ लिटर, इमल्शन २ लिटर. इमल्शनचे एकेक लिटरचे दोन्ही डबे एकाच वेळी बनवून घ्या आणि मारण्याआधी एका बादलीत एकत्र करा, नाहीतर अर्धी भिंत किंचित वेगळी दिसते. पुट्टी वाळल्यावर १८० नंबरचा, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा. टाइलच्या वरच्या कडेची फट ॲक्रिलिक सीलंटने भरा. सिलिकॉन भरलं तर त्यावर रंग धरत नाही. दोन हातांमध्ये निदान चार तास ठेवा.

रंग झाल्यावर आठवडाभर तिथे गरम पाण्याची आंघोळ नको. कच्च्या रंगावर वाफ बसली की त्यातली साबणासारखी द्रव्यं वर येतात आणि छताच्या कडेने तपकिरी, चिकट ओघळ उतरतात. गडद शेडमध्ये ते जास्त येतात. आले तर घाबरून पुन्हा रंग मारू नका, साध्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. पुन्हा दिसले तर पुन्हा पुसा. काही दिवसांत ते थांबतात.