स्क्वॉट ११० वर, आणि कोच निवडताना मी काय पाहिलं

या ब्लॉकचा (सरावाच्या ठरावीक टप्प्याचा) शेवट: स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन खाली बसून उठणं) ११० किलो, ३ सेट, प्रत्येकी ५ रेप्स (सलग आवर्तनं). ब्लॉक सुरू झाला तेव्हा आकडा १०० वर अडला होता. एप्लीच्या सूत्राने (वजनाला रेप्सने गुणून ३० ने भागायचं आणि येईल ते मूळ वजनात मिळवायचं) एकाच रेपला उचलता येईल असं अंदाजे कमाल वजन ११७ वरून १२८ वर गेली. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ५ किलोने वाढली. बेंच (बाकावर झोपून छातीवरून बार वर ढकलणं) ७२.५ लाच आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

मधल्या काळात नवीन कोच निवडला. बरेच जण कोचच्या शोधात असतात, म्हणून तो भाग सविस्तर लिहितोय.

वजन हळूहळू वाढवत न्यायचं हे सगळ्यांना माहीत आहे. डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी १९४० च्या दशकात जखमी अमेरिकन सैनिकांच्या पुनर्वसनात हीच पद्धत शिस्तीत बसवली. दर आठवड्याला अडीच किलो चढवायला कोच लागत नाही. वजन चढायचं थांबतं तेव्हा कोच लागतो. म्हणून भेटलेल्या प्रत्येक कोचला मी एकच प्रश्न विचारला: ‘स्क्वॉट १०० ला अडलाय, काय कराल?’

बहुतेकांनी लगेच उत्तर दिलं. कुणी म्हणालं लेग प्रेस वाढव, कुणी म्हणालं खाणं वाढव. एकाने तर सप्लिमेंटची यादीच पुढे केली. उत्तरं चुकीची असतीलच असं नाही, पण मला न बघता दिलेली होती. आता ज्यांच्याकडे शिकतोय त्या मॅडमनी उत्तर दिलंच नाही. ‘सरावाची वही दे बघू,’ म्हणाल्या. पानं उलटत झोप, कामाच्या वेळा, जुनं दुखणं, कुठला रेप कुठे फसतो, हे विचारत गेल्या. मग रिकाम्या बारपासून वॉर्मअप करायला लावला आणि स्वतः बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, समोर नाही.

८० किलोला त्यांनी थांबवलं. खालून उठताना माझे नितंब आधी वर येत होते, छाती मागे राहत होती आणि बार पावलाच्या मध्यावरून बोटांकडे सरकत होता. ‘छाती वर’ हे मी आधीही ऐकलं होतं. त्यांनी कारण सांगितलं: मांडीचं हाड धडाच्या मानाने लांब आहे, त्यामुळे थोडं पुढे झुकणं होणारच, ते जबरदस्तीने काढायचं नाही. पाय किंचित रुंद, पंजे बाहेर, आणि वजन उतरवून ७५ वर तळाशी २ सेकंद थांबून स्क्वॉट. थांबलं की खालून मिळणारी उसळी जाते आणि स्थिती धरूनच उठावं लागतं. पहिल्या सेटलाच बार कुठे सरकतो ते माझं मलाच कळलं.

पुढचा प्रश्न मी मुद्दाम विचारला: डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच का? त्या म्हणाल्या, ‘स्क्वॉट आठवड्यात तीनदा आहे, त्यात कंबरेला भरपूर काम होतं. त्यातूनही ताजातवाना राहिलास तर दुसरा दिवस टाकू.’ कारणही सांगितलं आणि ते कधी बदलेल हेही. जाणकार कोच माझ्यासाठी असा असतो.

प्रमाणपत्राचं मोल मी कमी मानत नाही. एनएससीए या अमेरिकन संस्थेच्या सीएससीएस या कोचसाठीच्या परीक्षेला बसायलाच पदवी किंवा निदान पदवीचं शेवटचं वर्ष लागतं आणि तिच्यात शरीरशास्त्रापासून कार्यक्रम आखणीपर्यंत सगळं येतं. पाया पक्का असल्याची ती खूण. पण जिममध्ये प्रत्यक्ष बाजूला उभं राहून बार बघण्याची नजर तिथे मोजली जात नाही. कोचच्या स्वतःच्या दंडांवरून तर मुळीच ठरवू नका. त्यात आनुवंशिकता किती आणि ज्ञान किती हे बाहेरून कळत नाही. शिकणारे बघा, विशेषतः दोन-तीन वर्षं टिकलेले आणि जन्मजात ताकदवान नसलेले.

बॉडीबिल्डिंगवाल्यांसाठी एक सोपी चाचणी: स्नायू फक्त ८ ते १२ रेप्समध्येच वाढतो का, हे कोचला विचारा. सेट थकव्याच्या टोकाजवळ नेला तर ५ पासून ३० पर्यंतच्या रेप्समध्ये जवळपास सारखीच वाढ होते, हे आता चांगलं प्रस्थापित आहे. ‘हो, फक्त ८ ते १२’ असं ठाम उत्तर आलं तर त्यांचं वाचन कधीचंच थांबलंय. पॉवरलिफ्टिंगच्या (स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्टच्या स्पर्धेच्या) कोचला स्क्वॉटमध्ये किती खाली जावं लागतं तो नियम विचारा. मांडी जमिनीला समांतर आली एवढ्यावर आयपीएफ या आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमात भागत नाही, नितंबाच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली जावा लागतो.

आणि जो स्टेरॉइड्सचं बोलेल किंवा सांध्यातल्या तीव्र दुखण्यावर डॉक्टरकडे न पाठवता स्वतःच इलाज सुचवेल, त्याच्याकडे परत जाऊ नये. इथे मी अजिबात तडजोड करणार नाही.

आता बेंच. मॅडमच्या मते माझी ताकद कमी नाही, सराव कमी आहे: आठवड्यात एकच दिवस, तोही खांदे थकल्यावर. पुढच्या ब्लॉकमध्ये तीन दिवस. एक जड, एक छातीवर बार थांबवून, एक हलका ८ रेप्सचा. सुरुवात ६२.५ पासून. खांदा कुरकुरला तर सगळ्यात आधी हलका दिवस काढून टाकू.