जुना भाव, नवा भाव

नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर माझं छोटं सॉफ्टवेअर चालतं. आवक, वजन, भाव, पट्टी, सगळं एका एसक्यूलाइट (एकाच फाईलीत मावणारा छोटा डेटाबेस) फाईलीत. अंबिया बहाराची संत्री यायला लागली अन् मुनीमजींनी फर्माईश केली, "भाऊ, लॉटचा भाव बदलला तर आधी काय होता न् मंग काय झाला, दोन्ही दिसलं पाह्यजे."

ट्रिगरने, म्हणजे ओळ बदलली की डेटाबेसमध्येच आपोआप चालणाऱ्या हुकमाने, हे जमतं, पण प्रत्येक टेबलला वेगळा लिहा, रकाना वाढला की परत उकला. मला त्याचा कंटाळा. साधा अपडेट हूक (बदल झाला की आपल्या प्रोग्रॅमला हाक मारणारी सोय) फक्त क्रिया, टेबलचं नाव आणि रोआयडी (ओळीचा क्रमांक) सांगतो, आतला मजकूर नाही. म्हणून सेशन एक्स्टेन्शनकडे, म्हणजे झालेले बदल गोळा करणाऱ्या एसक्यूलाइटच्या जोडभागाकडे, वळलो. त्यासाठी एसक्यूलाइटची लायब्ररी सेशन आणि प्रीअपडेट हूक हे दोन्ही पर्याय चालू करून स्वतः कंपाईल केली. टेबलला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख देणारा रकाना) जाहीर केलेली नसेल तर, वेगळा पर्याय मुद्दाम चालू केल्याशिवाय, सेशन त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. बरोबरच आहे म्हणा, नाहीतर ओळ ओळखायची कशावरून?

एका लॉटचा भाव २८०० चा ३१०० केला आणि चेंजसेट, म्हणजे सेशनने गोळा केलेली बदलांची यादी, वाचायला घेतला. चेंजसेट_ओल्डने प्रायमरी की आणि जुना भाव दिला. चेंजसेट_न्यूने भावाच्या रकान्यात ३१०० दिले, बाकी रकान्यांत नल पॉइंटर (म्हणजे मूल्याकडे नेणारा दुवाच नाही), आणि वर परतीचा कोड 'ओके'! खरी मेख इथेच आहे. शेतकऱ्याचा मोबाईल नंबर पुसून रकाना खरोखर नल (रिकामा) केला, तर पॉइंटर मिळतो आणि त्याचा टाइप नल निघतो. पॉइंटरच हाती आला नाही, तर त्या रकान्याला कोणी हातच लावलेला नाही. त्यामुळे आधी पॉइंटर बघायचा, मग टाइप. इन्सर्टला ओल्ड विचारलं किंवा डिलीटला न्यू, तर सरळ 'मिसयूज' (चुकीचा वापर) हा एरर तोंडावर येतो.

एवढं जमलं, पण मुनीमजींचं काम झालं नाही. सेशन शेवटचा हिशेबच सांगतं. सकाळी २८००, लिलावात ३१००, दुपारी परत २८००, की चेंजसेटमध्ये त्या ओळीचा पत्ताच नाही. दोन गाळ्यांचा डेटा जुळवायला हे झकास, भावाच्या इतिहासाला बिनकामाचं.

शेवटी थेट प्रीअपडेट हूक लावला. तो प्रत्येक बदलाआधी हाक मारतो, आणि प्रीअपडेट_ओल्ड व प्रीअपडेट_न्यू अख्खी ओळ देतात. न बदललेले रकानेही येतात, तुलना आपण करायची. ही मूल्यं कॉलबॅकपुरतीच, म्हणजे हूकने हाक मारलेलं आपलं फंक्शन चालू असेपर्यंतच, टिकतात, म्हणून मजकूर तिथल्या तिथे कॉपी केला. डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) मागे घेतला, म्हणजे रोलबॅक झाला, तरी हूक वाजून गेलेला असतो, तेव्हा नोंदी आधी मेमरीत ठेवतो आणि रोलबॅक हूक आला की ती यादी पुसतो.

हूक डेटाबेसच्या ज्या कनेक्शनवर (प्रोग्रॅमने उघडलेल्या जोडणीवर) लावला तेवढ्यापुरताच. दुसऱ्या प्रोग्रॅमने फाईल उघडून भाव बदलला तर याला काही कळत नाही, तिथे ट्रिगरच लागेल. गाळ्यावर लॅपटॉप एकच आहे, म्हणून सध्या तो लावलेला नाही.