बियांवर वाढलेल्या चाफ्याला भाजी खाऊ घालताना

चाफा माझ्याकडे आला तेव्हा सहा वर्षांचा होता. राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा कॉकटिएल, म्हणजे छोट्या जातीचा पोपट. आधीच्या घरी त्याला राळे, बाजरी आणि भरपूर सूर्यफुलाच्या बिया, एवढंच मिळत होतं. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी त्याची चोच हलकेच उघडून आत टॉर्च धरला आणि मला वाकून बघायला सांगितलं. पोपटाच्या टाळूला मधोमध एक फट असते, तिच्या कडेला बारीक काट्यांची झालर असते. चाफ्याची झालर झिजून बोथट झाली होती. अ जीवनसत्त्व कमी पडल्याची ती खूण. नुसत्या बियांत चरबी भरपूर, पण अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नावापुरतंच. पुढे श्वसनाचे आजार जडतात, यकृतावर चरबी चढते. डॉक्टर म्हणाल्या, "औषधाने आत्तापुरतं भागेल. पुढचं काम तुमच्या स्वयंपाकघरात आहे."

घरी येताच मी गाजर, लाल भोपळा आणि ब्रोकोली छान चिरून वाटीत ठेवली. चाफा दांडीच्या दुसऱ्या टोकाला गेला, तुरा ताठ, अंग आवळून बारीक केलेलं. वाटी काढून घेईपर्यंत तो तिथून हलला नाही. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी मी बियांची वाटीच काढून घेतली. भूक लागली की खाईल, असं वाटलं होतं मला. दोन दिवसांत त्याचं वजन 92 ग्रॅमवरून 86 वर आलं. फोनवर डॉक्टरांनी मला ताबडतोब बिया परत द्यायला लावल्या. ज्याला तो अन्न म्हणून ओळखतच नाही, ते समोर असूनही असा पक्षी उपाशी राहतो. दहा टक्के वजन घटलं तर थेट दवाखाना गाठायचा, असं त्यांनी बजावलं. तेव्हापासून रोज सकाळी, पहिली शी झाल्यावर आणि काही खाण्याआधी, त्याला एक-एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर उभं करते आणि आकडा वहीत लिहिते. ज्यांना पोपटाचं खाणं बदलायचं आहे त्यांनी भाजीच्या आधी हा काटा आणावा. पिसांमुळे पक्षी बारीक झालेला डोळ्यांना कळत नाही.

त्या दोन दिवसांचं मला फार वाईट वाटलं. मग मी भाजी ठेवायचं थांबवलं आणि आठवडाभर नुसती त्याच्याकडे बघत बसले. तो कसा खातो? वाटीतून कमी, खाली सांडलेलं जास्त. ऑस्ट्रेलियातले जंगली कॉकटिएलही जमिनीवर चालत गवताचं बी टिपतात. त्याच्या लेखी अन्न म्हणजे कोरडं, गोल, बारीक आणि पायाखाली पडलेलं. माझं गाजर ओलं, मोठं आणि वाटीत. एकही खूण जुळत नव्हती. ती नावड नव्हती. त्याची आणि गाजराची ओळखच झालेली नव्हती.

म्हणून वाटी गेली आणि पसरट ताटली आली. गाजर किसून बघितलं, तर किसाच्या ओल्या तारा चोचीला चिकटायच्या आणि तो मान झटकून निघून जायचा. मग सुरीने राळ्याच्या दाण्याएवढं बारीक चिरलं, कापडावर पसरून पाणी टिपून घेतलं आणि त्यावर त्याच्या नेहमीच्या बिया भुरभुरल्या. बी उचलताना गाजराचा कण चोचीत जायचा. तो थुंकायचा. पण आता तो ताटलीत उभा राहून थुंकत होता, दांडीच्या टोकाला पळत नव्हता. मला तेवढ्यानेही धीर आला.

माझ्याकडे झेंडूही आहे, सन कोन्यूर जातीचा पोपट. त्याची तऱ्हा अगदी उलटी. बारीक चिरलेलं मिश्रण तो चोचीने सपासप बाहेर उडवायचा. त्याला हवे होते पायात धरून कुरतडता येतील असे मोठे तुकडे. कोन्यूर पायाचा हातासारखा वापर करतात, कॉकटिएल सहसा करत नाहीत. तेव्हा मिश्रण एकच, पण चिरणं दोन प्रकारचं. झेंडूचे तुकडे स्टीलच्या सळईत ओवून टांगले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने रताळं संपवलं.

चाफ्याला वाट सापडली तीही झेंडूमुळेच. एकोणिसाव्या दिवशी झेंडूच्या सळईवरून लाल ढोबळी मिरचीचा गाभा निसटून चाफ्याच्या ताटलीजवळ पडला. त्याला चिकटलेल्या चपट्या, फिक्या बिया! चाफा चालत गेला आणि एकेक बी टिपू लागला. बिया संपल्यावर त्याने पांढरा गाभा चावला आणि मग लाल गर. मी श्वास रोखून बघत होते. पोपटांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, त्यामुळे नंतर तिखट लाल मिरचीही बियांसकट दिली, तीही त्याने आवडीने खाल्ली. ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य त्याला ढोबळी मिरचीतून मिळतं, म्हणून मी पुढचे दहा दिवस रोज तीच दिली. विविधता नंतर आणता आली.

पुढचा पूल मोडाचा. त्याच्याच बिया भिजवून मोड आणले. वासाने आणि आकाराने ओळखीच्या, पण ओल्या आणि जिवंत. ओलं अन्न खायची सवय त्याला इथे लागली. यात हयगय मात्र चालत नाही. दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं, निथळत ठेवायचं, आणि जरासा आंबूस वास आला किंवा बुळबुळीत लागलं तर सगळं फेकून द्यायचं.

आता मिश्रण दर दोन आठवड्यांनी करते. पाया गडद रंगांचा: गाजर, लाल भोपळा, रताळं, लाल ढोबळी मिरची. त्यात ब्रोकोली, फरसबी, मटार, मुळ्याचा पाला, थोडी कोथिंबीर, आणि ओलावा शोषायला शिजवून गार केलेला किन्वा. पालक मी क्वचित घालते, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. काकडी आणि टोमॅटोमुळे मिश्रण पाणावतं, म्हणून ते यात नाहीत. कांदा, लसूण घरात चिरला तरी त्याच सुरीने पोपटांची भाजी चिरत नाही. अ‍ॅव्होकॅडो तर पोपटांच्या जिवावर उठतो, त्याचा कणही नको. कडधान्य द्यायचंच तर भिजवून, खळखळ उकळून, पूर्ण शिजलेलं. राजमा कच्चा किंवा अर्धाकच्चा असेल तर विषारी असतो.

रताळं मी वाफवते, साध्या स्टीलच्या भांड्यात. भांड्याचं सांगायलाच हवं. नॉनस्टिकचा थर जास्त तापला की त्यातून निघणारा धूर पक्ष्यांचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. पोपटांसाठी भाजी वाफवतानाच हे घडलं तर? माझ्या घरातून ती भांडी त्याच आठवड्यात गेली.

सगळ्यात जास्त वेळ वाळवण्यात जातो, आणि तो मी कमी करत नाही. भाज्या धुतल्यावर सुती कापडावर पसरायच्या, पंख्याखाली ठेवायच्या, पाला तर दोनदा टिपायचा. ओली भाजी चिरून गोठवली की बर्फाचे खडे होतात आणि वितळल्यावर चिखल. नीट कोरडं मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये भरलं की एकेक घर म्हणजे एका वेळचा घास. रात्री दोन घरं फ्रीजमध्ये खाली काढून ठेवते. सकाळी ताटलीत देते, कारण तेव्हाच त्यांना खरी भूक असते, आणि दोन तासांनी उरलेलं उचलते. झेंडूचे मोठे तुकडे मात्र रोज ताजे. गोठवलेला तुकडा लिबलिबीत होतो आणि तो त्याला पायात धरवत नाही.

भाजी सुरू झाल्यावर चाफ्याच्या विष्ठेत पाणी वाढलं आणि मी घाबरून डॉक्टरांना फोटो पाठवला. भाजीतल्या पाण्यामुळे लघवीचा भाग वाढतो, ते स्वाभाविक आहे. बीट दिल्यावर लाली दिसते, तीही तात्पुरती. न पचलेले दाणे दिसले, किंवा भाजी न देताही पाणी दिसलं, तर मात्र लगेच कळवायचं, असं त्यांनी सांगितलं.

सहा महिन्यांनी परत टॉर्च लावला, तेव्हा टाळूच्या एका बाजूला झालर पुन्हा फुटू लागली होती, दुसऱ्या बाजूला अजून नाही. वजन 91 ग्रॅम. बिया बंद नाहीत, पण आता त्या आधीपेक्षा थोड्या आणि भाजीनंतर.

मुळ्याचा पाला तो अजून चिरलेला खात नाही. ओलं पान मी पिंजऱ्याच्या जाळीला चिमट्याने अडकवते, तो त्यावर अंग घासून अंघोळ करतो, पिसं फुलवतो आणि उन्हात जाऊन बसतो. परवा पान काढताना बघितलं, तर कडेला चोचीच्या आकाराच्या तीन खाचा होत्या. आज दोन पानं अडकवली आहेत.